विचारून येतो

आयाजनं नवा फोन मखमलीवर ठेवला,
मी शालू ठेवतो तसा:
आधी बंद, मग अर्धा, मग एकदम पसरून.
"बोट फिरवा काका. घडी लागतीय का बगा."

मी बोट फिरवलं.
एकतीस वर्षं कापडपेठेत याच बोटाचं खातोय.
काठ हातमागाचा की पॉवरलूमचा,
जर खरी की प्लॅस्टिकची, अंधारात सांगेन.
घडी लागली. केसाएवढी. पण लागली.
म्हटलं, "छान आहे."

माझा जुना शेजारी पडलेला, चार वर्षांचा.
मधोमध रेघ, दुकानाच्या भिंतीवर पुराची आहे तशी,
रंग दिला की वाटतं गेली,
उन्हं तिरपी झाली की परत येते.
बिजागरीत हळद.
मेव्हण्याबरोबर मार्केट यार्डात सौद्याला
एकदाच उभा होतो, फेब्रुवारीत,
ती अजून निघाली नाही. उघडताना कुरकुरतो.
पण एका अर्ध्यात पदर, दुसऱ्यात काठ,
जतचं गिऱ्हाईक जतेत बसून रंग ठरवतं.
आणि नेमकं रेघेवर बोट ठेवून विचारतं,
"इथं डाग हाय का ओ?"

जुन्याचे अठरा हजार.
कोपऱ्यात तो काळा ठिपका नसता तर एकवीस.
वर एक लाख बारा, चोवीस हप्ते.
तेवढ्यात इरकलीचा अख्खा गठ्ठा येतो, दिवाळीआधी.
"दोन लाख वेळा मिटला तरी काय होत नाय," आयाज म्हणतो.
मी मनातच भागाकार केला.
दिवसाला शंभरदा धरलं तर साडेपाच वर्षं.
इरकल त्याहून टिकते,
पण इरकल कोण शंभरदा नेसतंय?

भारी साड्या आम्ही वर्षातनं दोनदा उलगडतो
आणि दुसऱ्या रेघेवर मिटतो.
एकाच घडीवर राहिली की जर तिथंच चिरते,
हे पद्मण्णा मगदूमांनी शिकवलं, पहिल्या पगाराच्या आधी.
हा दुसरीकडं कसा मिटायचा?
"तीन घड्यांचा पण येतोय," आयाज म्हणाला, "थांबताय का?"

घरी मालतीनं काल एवढंच विचारलं होतं,
"त्यानं साड्या जास्त खपतील?"
नाही खपणार.
"मग रेघ दिसती कुणाला?"
मला.
ती भाकरी उलटत राहिली.

दुकानात बायका गादीशी वाकून विचारतात,
"ही घडी जाईल ना?"
मी मान वर न करता सांगतो, एका धुण्यात जाते ताई.
काहींची जाते.
काहींची नाही जाणार, हे मला ठाऊक असतं.
आज काउंटरच्या अलीकडं मी.
"आयाज, ही घडी पुढं वाढंल का रे?"

शिकलगारांचं पोरगं.
आजा याचा गणपती पेठेत अडकित्त्यांना धार लावायचा.
त्यानं नव्या फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"वाढती काका. मग डोळ्याला सवय हुती."

एकतीस वर्षांत एवढं खरं
मी एकाही गिऱ्हाइकाला बोललो नाही.

हात खिशात गेला, कार्डाला लागला,
आणि तोंडातून ते वाक्य पडलं
जे मी दिवसातनं दहादा ऐकतो,
जे ऐकून मला कळतं कोण चहाला जाऊन परत येणार
आणि कोण हरभट रोडनं तडक स्टँड गाठणार:
"घरी विचारून येतो."

आयाज काही बोलला नाही.
फोन मिटला, मखमल झटकली.
माझा जुना उचलला तिथं काचेवर
पिवळा एक कण राहिला होता,
तो त्यानं बोटानं टिपला,
आणि जाणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पाठीकडं मी बघतो
तसं माझ्याकडं बघितलं.

त्याला कळलं असणार.
मी अजून पायरीवरच आहे, चपला शोधत.