रिकाम्या दांड्याचं वजन

पहिल्या दिवशी तिनं माझ्या हातात नळी दिली.
लोखंड नाही, डंबेल नाही,
पडद्याला लावतात तसली पांढरी प्लास्टिकची नळी,
म्हणाली, काकू, आधी हीच उचला.
मागं भरतीची पोरं मांड्या थोपटत होती.
त्यातलं एक हसलं,
किंवा मला तसं वाटलं.

जेल रोडला टायरच्या दुकानावर आहे जिम.
बाहेरून लोखंडी जिना,
जानेवारीतल्या पहाटे साडेपाचला
कठड्याला हात लावला तर चटका बसतो.

एकोणतीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
किती कोटी गेले या बोटांखालून,
जड कधी लागले नाहीत.
मोजणं मला झोपेतही येतं.
म्हणून इथंही भराभर मोजलं,
सात आठ नऊ दहा, झालं.

झालं नाही, म्हणाली तेजल गांगुर्डे.
वय चोवीस, मूळची दिंडोरीकडची,
नाकात चमकी, खांदे जू ओढल्यासारखे.
वर काय, सगळेच नेतात.
उतरवताना तीन आकडे मोजा.
टाकायचं नाही, काकू. ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी संडासात बसता येईना.
बसल्यावर उठता येईना.
बादलीचा काठ धरून
मी एकटीच हसत होते.
बाहेरून यांनी विचारलं, काय गं?
जीभ अजून थोडी अडते त्यांची.

तिसऱ्या आठवड्यात दांडा.
दोन्ही टोकांना काही नाही, नुसता दांडा,
आणि वीस किलो.
मी म्हटलं, रिकामा असून एवढा?
मग आठवला यांचा उजवा हात.
आश्विनापासून काही धरत नाही, काही मागत नाही,
कुशीवर वळवताना किती जड असतो.

तिला मी गुडघ्यांचं सांगितलं होतं.
डॉक्टरांनी हाडं ठिसूळ म्हटलंय, तेही सांगितलं.
खोटं नव्हतं.
पण त्या रात्रीचं नव्हतं सांगितलं.
न्हाणीच्या ओल्या फरशीवर हे पडले
आणि काखेत हात घालून मी ओढत राहिले,
ओढत राहिले,
टॉवेल भिजला, माझी बांगडी पिचली,
हे एक इंच हलले नाहीत.
शेवटी वरच्या मजल्यावरचे पगार आणि त्यांचा मुलगा आले.
दोघांनी उचललं.
अंगावर पुरतं वस्त्र नव्हतं यांच्या.
पलंगावर टेकल्यावर हे माझ्याकडे न बघता म्हणाले,
माफ कर.
मला.

डेडलिफ्ट.
शब्दच कसला अभद्र, मी तेजलला म्हटलं,
सकाळी सकाळी तोंडात घेववत नाही.
ती म्हणाली, मग उचल म्हणा.
पाय जमिनीत रोवा, पाठ वाकवू नका,
दांडा नडगीला घासून वर येऊ द्या.
माणूसही असाच उचलतात का, मी विचारलं.
ती थांबली.
माझ्याकडे नीट पाहिलं.
माणूस असा सरळ नसतो, म्हणाली,
पण सुरुवात इथूनच.
त्या दिवसापासून पोरं माझ्यासाठी
कोपऱ्यातली रबराची चटई मोकळी सोडतात.
कुणी काही बोललेलं नाही.

काल दोन्हीकडे पाचाची आणि अडीचाची चकती.
पस्तीस.
तीन आकडे मोजत खाली ठेवला,
आवाज होऊ दिला नाही.

घरी आले तर हे खिडकीशी,
डाव्या हातानं द्राक्षं सोलत बसलेले.
किती, म्हणाले.
पस्तीस.
मी एक्काहत्तर, म्हणाले.
मी वजाबाकी केली,
ती मला करावी लागत नाही, होते.
छत्तीस उरले.
हे हसले, वाकडंच, आता तसंच हसतात.
पत्रिकेत छत्तीसातले अठराच जुळले होते, म्हणाले,
तेवढ्यावर निभावलं की.
मग थोडं थांबून, शब्द जुळवत,
मी कमी जेवतो,
तू जास्त उचल,
मध्ये कुठंतरी भेटू.

मी म्हटलं, गप जेवा.
ताटात दुसरी भाकरी वाढली.