कागदाचं कॉकपिट

उद्यमनगरात शटर खाली ओढलं
की साडेआठनंतर आमचं विमान सुटतं.

लेथच्या मागच्या भिंतीवर
तस्नीमनं कागदाचं कॉकपिट चिकटवलंय,
आठ तुकडे जोडून.
डावा कोपरा कुलंटच्या शिंतोड्यांनी पिवळा पडलाय,
तिथं म्हणे ऑक्सिजन असतो.

ती प्लास्टिकच्या खुर्चीत, मी स्टुलावर.
खुर्ची बरोबर दुसऱ्या लेथच्या जागी बसते,
फरशीत बोल्टांची चार भोकं अजून आहेत.
तो लेथ कुठं गेला, कशापायी गेला,
दोघांनाही माहीत आहे. वहीत ते नाही.
वहीत फक्त मी काय म्हणायचं ते आहे,
तिनं माझ्यासाठी देवनागरीत लिहिलेलं.

थ्रॉटल म्हणजे जुन्या ड्रिल मशीनचा दांडा.
तो ती तळव्यानं पुढं रेटते, एकदम नाही,
आधी थोडा, दोन्ही इंजिनांचा सूर जुळेपर्यंत,
मग पुरा.
हे मला न सांगता कळलं.
थंड जॉबला टूल असंच टेकवायचं असतं.

"शंभर," मी म्हणतो.
"चेक," ती.
आणि मग तो शब्द येतो.

व्ही वन.
त्याच्या आधी काही बिघडलं तर थांबायचं.
तो झाला की थांबायचं नाही,
एक इंजिन पेटलं तरी उडायचं,
थांबायला पुढं पट्टीच उरलेली नसते.
म्हणून शब्दासरशी ती दांड्यावरचा हात काढून घेते.
हात राहिला तर मोह होतो, म्हणते.

मोबाइलवर काटा एकशे अडतीसला येतो
आणि माझी जीभ टाळूला चिकटते.
"अब्बा, उशीर झाला."
"अगं, एवढी काय घाई हाय?"
"घाई माझी न्हाई, विमानाची हाय."

बत्तीस वर्षं मी शाफ्ट कापले.
जास्त राहिलं तर पुन्हा कापता येतं,
जास्त कापलं तर भंगार.
म्हणून माझा हात कायम थांबायच्या बेतात.

"रोटेट."
नाक हळू उचलायचं, मनात एक, दोन, तीन मोजत,
नाहीतर शेपूट घासतं.
"पॉझिटिव्ह क्लाइंब."
"गिअर अप."
चाकं मी वर घेतो, कागदावर बोट ठेवून.
तिथं माझ्या ग्रीसचा ठसा उमटलाय,
पाच महिन्यांचा.

दहा हजार फुटांपर्यंत फालतू बोलायचं नाही.
मी गॅस सिलिंडरचं काढलं
तर ती नुसतं बोट वर करते.
दहा हजारांवर थर्मासमधला चहा.

उतरायचं मात्र उजळाईवाडीलाच, हा माझा हट्ट.
हजार फुटांवर सगळं जागेवर पाहिजे,
वेग, फ्लॅप, चाकं.
नसलं तर मुकाट परत वर जायचं.
"त्यात कसली लाज? लाज हट्टानं टेकण्यात हाय,"
हे ती मला सांगते की माझ्याबद्दल सांगते,
मी विचारलं नाही.
पन्नास, चाळीस, तीस,
इथं जवळ बघायचं नाही,
नजर पट्टीच्या पार टोकाला,
आणि दांडा मागं, मागं, पुरा मागं.
खुर्चीचे पाय फरशीवर कुरकुरतात.
टेकलो.

शेवटच्या रात्री टेकलो नाही.
रोटेट म्हणालो आणि लाइट गेली.
अंधारात जैबूनची हाक आली, जेवायला चला.
सकाळी तस्नीम बंगळुरूच्या गाडीत बसली,
मंगळवारी तिची परीक्षा आहे, सिम्युलेटरवर,
शेजारी कुणी अनोळखी माणूस शब्द म्हणणार.

काल मी शटर ओढलं.
खुर्चीत नाही, स्टुलावरच बसलो.
"शंभर," म्हणालो.
पलीकडच्या शेडमधला कॉम्प्रेसर
धापा टाकत राहिला.
मग व्ही वन म्हणालो.
वेळेवर आला असावा,
काटा बघायला मोबाइल नव्हता.

दांडा तिनं ठेवलेला तसाच, पुरा पुढं.
सकाळी ड्रिल लागेल तेव्हा बघू.