मोरीचं पाणी

रात्री अडीचला पंपाचा सूर बदलला
की आधी मला जाग येते, मग अलार्म वाजतो.
मोतलेब म्हणतो, तुझे कान माशाचे.
माशाला कान कुठे असतात, मी म्हणतो,
आणि चपला न शोधता दोघं शेडकडे पळतो.

बरक्यात ऑगस्टची रात्र
म्हणजे झाकण लावून उकळत ठेवलेला टोप.
विहिरी कधीच्याच खारावल्या.
मालकाच्या वडिलांची खजुराची बाग
उभीच्या उभी वाळली, तिच्या जागी
या सहा टाक्या, आणि टाक्यांत तिलापिया,
तोंडं वर काढून हवेचे घास घेणारे.

बादलीनं पाणी उचलायचं, उंचावरून ओतायचं,
पुन्हा उचलायचं. हवा मिसळली पाहिजे, बस्स.
चाळीस मिनिटं.
जनरेटर खोकतो, खोकतो, मग लागतो.
वहीत लिहितो: मेलेले, सत्तावीस.

सकाळी काचेच्या नळीत थेंब मोजून रंग बघतो.
पिवळा चालतो, हिरवा नाही.
माशांनी हगलेलं, डोळ्यांना न दिसणारे जीव
खाऊन मऊ करतात,
मग ते पांढऱ्या पाइपांतून लेट्यूसच्या, बेझिलच्या,
पुदिन्याच्या मुळांशी जातं,
आणि निवळून परत टाकीत.
मस्कतच्या हॉटेलात चहात पुदिना बुडवणाऱ्याला
हे कुणी सांगत नाही.
सांगूही नये.

रय्या, आमची इंजिनियर, निझव्याची,
पहिल्या दिवशी फळ्यावर बाण काढून शिकवत होती:
मासा, जिवाणू, मूळ, मासा.
मला हसू आलं. ती रागावली.
कसं सांगणार, माझी अरबी बाजारापुरती,
की दाभोळला आमच्या न्हाणीमागं
हेच होतं, फक्त बाण नव्हते.
आईनं मासे धुतलेलं पाणी, खवल्यांसकट,
चर धरून अळवात जायचं.
आणि पावण्यांनी भाजीची तारीफ केली
की आई मान खाली घालून वाढत राहायची.

गेल्या वर्षी येताना अळवाचा एक कांदा
ओल्या फडक्यात, फडकं मोज्यात, असा आणला.
सातव्या पाइपच्या शेवटच्या भोकात बसवला.
दोन महिन्यांत पानं सुपाएवढी,
मुळांनी पाइप तुंबला, लेट्यूसच्या चार रांगा माना टाकून.
रय्या आली. काही बोलायच्या आधी
पानावर पाणी शिंपडलं,
घरंगळणारा थेंब बघत राहिली,
आणि मी थांब म्हणेपर्यंत तुकडा तोंडात.

दोन दिवस तिचा घसा धरलेला,
दोन दिवस आम्हाला कामं खुणांनी.
तिसऱ्या दिवशी विचारलं,
हे तुम्ही खरंच खाता?

चिंच संपली होती. त्यांचं काळं सुकं लिंबू घातलं.
मोतलेबनं भात लावला.
मालकही आला, उभ्यानंच जेवला,
जाताना एवढंच म्हणाला,
पाइप मोकळा कर.

केला.
फिल्टर धुतलेला गाळ जिथं सोडतो,
टाक्यांच्या मागं, वाळूत,
तिथं कांदा लावलाय.
वहीत त्याची नोंद नाही.