तफावत

शुक्रवारी माझी ड्युटी म्हापशाच्या बाजारात.
पिशवीत चाचणीची पितळी वजनं,
खिशात शिसं, शिक्का, पावतीपुस्तक.
मी दिसलो की बाजार जरा अंग आवळतो.
पारड्याच्या बुडाला चिकटवलेला चिंचेचा गोळा
कुणीतरी घाईनं तोंडात टाकतं
आणि माझ्याकडे बघून आंबट हसतं.

मयड्याची केळी संपतात
आणि चुरीसाच्या माळा सुरू होतात,
तिथे उलट्या क्रेटवर बोस्त्यांव बसलेला असतो.
रेबेक हनुवटीखाली नाही, छातीवर टेकवलेलं,
मान आता वळत नाही.
चारातली एक तार गरीच्या दोरीची.
सोल्फा त्याला इगर्जीच्या शाळेतल्या मेस्तानं शिकवला,
चुकीगणिक एक छडी.
मग चाळीस वर्षं फेस्तं, लग्नं,
तियात्रांच्या रंगमंचाखालचा डासांचा काळोख.
आता हा कोपरा.
"हांगा बरें," तो म्हणतो,
"इथं कुणी उठून जात नाही.
कारण बसलेलंच नसतं."

तो वाजवायला लागला की फार काही घडत नाही.
हे मी जबाबदारीनं सांगतो,
अहवाल लिहिण्यात माझी हयात गेली.
कुणी थांबत नाही, टाळ्या तर नाहीतच.
स्टँडवरचा कंडक्टर पणजी पणजी पणजी ओरडतो
तो तालात येतो, एवढंच.
हमाल पोतं उतरवताना
शेवटची वीत हळू सोडतो.
मडकीवाली गिऱ्हाइकाला मडकं वाजवून दाखवते,
ते नेमकं रेबेकाच्या सुराला लागतं,
दोघी हसतात,
आणि भाव करायचा राहून जातो.

तिथेच जायू हळर्णकर बसते.
भिकणं, आगळ, तांबडी भाजी.
तिच्या अर्ध्या किलोत मला
पाचशे चाळीस ग्रॅम सापडले.
पुढच्या शुक्रवारी पाचशे पंचावन्न.
ताजवा तपासला, अचूक.
वजनं तपासली, अचूक.
मग खांबाआड उभा राहिलो.
पारडी समान होतात,
बोस्त्यांव वरचा एक सूर धरून ठेवतो, सोडतच नाही,
आणि तिचा हात माघारी येता येता
मूठभर आणखी टाकून येतो.
विचारलं तर उसळली,
"मी? जास्त? माझ्या बापाचं रान आहे काय, सायबा?"

कायद्याला तफावत म्हणजे तफावत.
कमी असो, जास्त असो, रकाना एकच.
मी पेन काढलं.
टोपण लावलं.
तेव्हापासून त्या ओळीची तपासणी
मी बोस्त्यांव चहाला जातो तेव्हा उरकतो.
सगळं काटेकोर भरतं.

डिसेंबरात एकदा वारा सुटला,
त्याच्या पेटीतल्या दहा-वीसच्या नोटा
सुक्या बांगड्यांवर जाऊन बसल्या.
मी पिशवीतून एक जप्त वजन काढून दिलं,
दोनशेचं, आतून पोखरलेलं, भरतं एकशे सत्तर.
रजिस्टरात ते अजून 'गहाळ' आहे.
"खोटं आहे," मी म्हटलं, "पण नोटा धरून ठेवेल."
त्यानं ते कानाशी नेलं,
नखानं टिचकी मारली, पुन्हा मारली.
"पोकळ!" तो केवढा खूश झाला,
"म्हणजे वाजतं की."

काल ड्युटी संपल्यावर
साधा माणूस होऊन मी जायूसमोर उभा राहिलो.
मागे रेबेक चालूच होतं.
ताजव्याकडे पाहिलं नाही,
सुटे पैसे मोजले नाहीत,
आणि बसमध्ये चढताना माझा पाय
पायरीवर क्षणभर रेंगाळला,
का, ते लिहायला रकाना नाही.

घरी बायकोनं पिशवी हातात घेतली.
"किती आणली भिकणं?"
"अर्धा किलो."
तिनं पिशवी खाली ठेवली,
माझ्याकडे बघितलं,
आणि पुन्हा उचलून पाहिली.