उजेडाला काळंच दिसतं

दुपारी दोन. श्रेणिका मगदूम. हनुवटी, चौथी बैठक.
कवठेपिरानहून वडापनं आल्यात, बरोबर आई.
मी विचारते ते नेहमीचंच:
उन्हात फिरलीस? मध्ये उपटलेस? हळद लावलीस?
"हळद सांगलीत कुठं चुकवायची, ताई," आई म्हणते,
"यार्डाकडनं वारा आला तरी तोंडावर बसती."

गार जेल. सगळ्यांच्या डोळ्यांवर काळे चष्मे.
खोलीत आम्ही तिघी
आणि कुणालाच कुणाचे डोळे दिसत नाहीत.
म्हणूनच बहुतेक बायका इथं बोलतात.

टिक्.
कणीस भाजताना त्याचे केस जळावेत
तसा किंचित वास.
श्रेणिका अंगठा मुठीत दाबून धरते.
टिक्. टिक्.

कोपऱ्यातून आई सांगत राहते
मला, की भिंतीवरच्या कॅलेंडरला:
"आमच्यात माताजी केशलोच करतात.
राख लावून, आपल्या हातानं, चारचौघांत.
लोक हात जोडून बसतात.
मी पण केला की ओ, बावीस वर्षं.
न्हाणीला कडी घालून,
दोऱ्यानं, नाहीतर चिमट्यानं,
हे उठायच्या आत.
माझ्याम्होरं कोण बसलं नाही."

"मम्मी, गप."

यंत्र जरा थंड व्हायला थांबतं.
विश्रामबागेतली एक रिक्षा खाली उगाच हॉर्न मारते.

मग चष्मा काढून, पदर हनुवटीवरून सरकवून,
"माझं पण बघा की. पैसे आणल्यात मी वेगळे."

भिंगाखाली सात-आठ केस,
ताठ, आणि सगळे पांढरे.
आता हे कसं सांगायचं,
की हा उजेड काळ्यालाच ओळखतो,
पांढऱ्याच्या अंगावरून
तोंड फिरवून निघून जातो.

सांगितलं तसंच.

ती बघत राहिली यंत्राकडं,
मग हसायलाच लागली, खुर्चीचा हात धरून:
"इतकी वर्षं अख्ख्या गावाला दिसत होतं,
आता उजेडाला दिसंना होय!"

श्रेणिका उठली. हनुवटीवर जेल तसंच.
ट्रेमधला चिमटा घेतला.
"हलू नको."
आईनं डोळे मिटले. कडी नव्हती दाराला.

फाइलीत या बैठकीसाठी रकाना नाही.
मी भिंगाचा दिवा
त्यांच्याकडं वळवून दिला
आणि तीनच्या पेशंटला
बाहेर जरा बसायला सांगितलं.