एक्केचाळीस, पुढे चांदणी

बोरीचा पूल ओलांडून मी रोज कुडतरीला जात होते,
पाठीवर लॅपटॉप, डिकीत स्कॅनर,
कोमुनिदादच्या कचेरीतली जोनाची जुनी बुकं
पान पान उजेडात धरायला.
ओर्लांद बार्रेटो, इश्क्रिवांव, वय एकाहत्तर,
बोट ओलं न करता पान उलटायचे.
थुंकीनं शाई हलते बाय, म्हणायचे,
माणूस पुसला जातो.

जशी नोंद, तसंच फाईलचं नाव. ही त्यांची अट.
मला त्यात काही कठीण दिसलं नाही.

पहिल्याच दिवशी स्क्रिप्टनं
रोझा पिएदाद कुलासो बार्बोझा या बाईचे
चार तुकडे केले.
रोझा सापडत नाही, म्हणाली. पिएदाद सापडत नाही.
बार्बोझा नावाचं इथे कुणीच नाही.
शेलला मोकळी जागा दिसली की ती तिथे तोडते.
इथे तर एकेका नावात आजी असते, सांतिण असते,
नवऱ्याचं घर असतं, आणि मधे मधे श्वास.
मी दोन बाजूंना दुहेरी अवतरण लावलं. बाई अखंड झाली.
मी हसले,
आणि तेवढ्या एका ओळीपुरतंच लावलं.

गुरुवारी दुबार प्रती काढून टाकायच्या होत्या.
यादीतलं एकेक नाव उचल, पुस.
आरएम, मग डॉलर, मग एफ. बाजूला बांध नाही.
पहिली चाळीस नावं नुसती कुरकुरली,
असं कुणी नाही, असं कुणी नाही,
तोवर मी चहाला उठले होते.
एक्केचाळिसाव्या नावाच्या शेवटी होती एक चांदणी:

*

बार्रेटोंच्याही आधीच्या कुणीतरी पेन्सिलीनं काढलेली.
मी जशीच्या तशी टंकली होती. अट होती ना.
शेलनं तिला वाचलं ते तिच्या रीतीनं:
इथे जे जे आहे ते.

तीन हजार एकशे अठरा पानं.
चहा अजून गरम होता.

बार्रेटोंनी एवढंच विचारलं, मानस उघडी राहिली?
खाजनाकाठी जन्मलेल्याला
हे विचारायला संगणक यावा लागत नाही.
भरती आत शिरली की ती विचारत नाही
हा कोरगुट कुणाचा, तो कुणाचा.
मग त्यांनी कमरेची चावी काढून कपाट उघडलं.
कागद आसा मगो, म्हणाले,
आणि पहिलं बुक माझ्यापुढे ठेवलं.

दुसऱ्या खेपेला मी नावं वाचली.
पहिल्या खेपेला नुसती टंकली होती.
एक्केचाळीस: इनास द'सा, गावकार.
जोन न्यायला आला नाही. पुढच्या वर्षीही नाही.
मोझांबिक, असं कुणीतरी लिहून खोडलेलं.
आणि बुकाच्या अगदी शेवटच्या पानावर, वाळवीनं अर्धा सोडलेला,
चांदणीचा अर्थ:
ठावठिकाणा नाही. वाटा राखून ठेवावा.

जो एकटाच तिथे नव्हता
त्याच्या जागी मी आख्खा गाव उभा केला होता.

आता प्रत्येक एफला मी दोन्हीकडून धरते.
आधी इको लावते, काय होणार ते वाचते,
उठत नाही, परत वाचते.
एकेरी अवतरणात डॉलर नुसता डॉलर राहतो,
आत माणूस येतच नाही,
हेही आता बोटांना कळतं.

पण द'सा हाती लिहायची वेळ आली की अजून चुकते.
त्या आडनावातच एक अवतरण उघडं आहे.
काल कमांड लिहिली, एन्टर दाबलं.
काही झालं नाही.
खाली नुसतं एक >
आणि त्याच्यापुढे लुकलुकणारी रेघ,
पुढचं सांगा, पुढचं सांगा.

मी कंट्रोल-सी दाबणार,
तेवढ्यात बार्रेटोंनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं.
जेवायची वेळ झाली, म्हणाले,
राहू दे त्याला.

आंबटतिखट बांगड्याचा वास हाताला घेऊन
आम्ही दोन वाजता परत आलो
तेव्हाही तो तिथेच होता.