पाचवं घर

सॉल्वेग आत्या गेली आणि मला मिळालं
लोकरीच्या एका मोज्यात कोंबलेलं रिव्हॉल्व्हर.
वकिलाच्या यादीत ते शिवणयंत्राच्या खाली होतं.
किंमत, वीस डॉलर.

लायल ऑस्बीचं दुकान मायनॉटच्या बाहेर, गव्हाच्या कोठारांना लागून.
त्यानं आधी हात पुसले.
"भरलेलंच आहे असं समजून धर."
"साठ वर्षांत कुणी शिवलेलं नाही त्याला."
"म्हणूनच."

नळी भिंतीकडे, बोट चापापासून लांब.
वरची खिटी उचलली तसं ते कमरेत वाकलं
आणि पाच घरं उजेडात आली.
चार भरलेली.
पाचव्यात नुसतं टरफल,
पितळ हिरवं पडून पोलादाला धरून बसलेलं.

ती गोळी कुणाची, मला ठाऊक होतं.
छत्तीसच्या हिवाळ्यात आत्या टपाल वाटायची, बर्फगाडीतून.
सूरिस नदीवरचा बर्फ तडकला,
पायलटचे पुढचे दोन्ही पाय मोडले.
तिनं त्याच्या कानाशी नॉर्वेजियनमध्ये काहीतरी म्हटलं.
मग टपालाची पिशवी पाठीवर टाकून उरलेले नऊ मैल चालली.
त्या दिवशी सगळ्यांना पत्रं मिळाली.
एवढं गाव अजून सांगतं.

दुधाच्या बरण्या दोनदा उकळत्या पाण्यानं धुणारी बाई.
हे मात्र तिनं कधी उघडलंसुद्धा नाही.

लायलनं तेल सोडलं, दोन दिवस वाट पाहिली,
लाकडी काडीनं ढकलत ढकलत टरफल काढलं.
आत एक कडं उरलं,
ओल्या कपाचं टेबलावर उरतं तसं.
"हे जायचं नाही. घासत बसलीस तर घर सैल होईल,
आणि सैल घर फुटतं."
मग म्हणाला, आजची काडतुसं याला दाखवूसुद्धा नकोस,
म्हाताऱ्याला तो जोर सोसायचा नाही.
हलक्या भाराची त्यानं स्वतः भरून दिली, डबीवर माझं नाव लिहून.

एप्रिलमध्ये खडीच्या जुन्या खाणीत गेलो.
मागे मातीचा उंच चढ, डोळ्यांना चष्मा, कानांवर टोप्या,
ज्यांतून मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता.
पहिली गोळी कुठे गेली देव जाणे.
चौथीनं डबा हलला. पडला नाही.
"पुरे," लायल म्हणाला.

आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरते,
पितळी ब्रश, जुन्या बनियनच्या चिंध्या,
तेलाचा हात अगदी हलका, जास्त झालं की धूळ येऊन बसते.
मोजा धुवून ठेवलाय. त्यात काहीच नाही.
लोकर ओल धरते, कातडंही.
कपाटाला कुलूप, पाचही घरं रिकामी.

खाणीत मात्र चार भरायच्या, एक सोडायचं,
घोडा नेहमी रिकाम्या घरावर यायला हवा,
लायलनं बजावलंय.
कुठलंही एक सोडलं तरी चालतं, म्हणतो तो.
मी उजेडाकडे धरून कडं शोधते,
ते वर येईपर्यंत चक्र फिरवते
आणि घोडा तिथे
अलगद टेकवते.